कंसातील मजकूर : संगणकीय आज्ञालेखन आणि मराठी वैचारिक गद्य

प्रस्तावना

विरामचिन्हे हा मराठी व्याकरणाच्या अध्यापनातील एक उपेक्षित घटक आहे. चिन्हाचे नाव, आकृती आणि एक उदाहरण अशा तक्त्यात तो बहुधा उरकला जातो. वाक्याचा अर्थ घडविणारा घटक म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ‘कंस’ या एकाच चिन्हाचा संगणकीय आज्ञालेखनातील व मराठी वैचारिक गद्यातील वापर तुलनेने तपासला आहे. चाकण औद्योगिक परिसरात वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम आणि कामगारांसाठीच्या मराठी सूचना हे दोन्ही प्रकारचे लेखन शेजारी शेजारी नांदते. म्हणून तुलनेसाठी तेथील व्यवहार आधारभूत मानला आहे.

मराठी विरामचिन्हांची पार्श्वभूमी

मोडी लेखनात शब्द सुटे करण्याची वा विरामचिन्हे देण्याची रूढी नव्हती. वाक्य कोठे संपते हे ठरविण्याचे काम वाचकाच्या भाषाज्ञानावर सोपविलेले असे. देवनागरी पोथ्यांत एकदंड व द्विदंड होते, परंतु आजची विरामचिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून, मुद्रण व शालेय शिक्षण यांच्या मार्गाने आली. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून त्यांना मराठीत रुजविले. पुढे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार लेखननियम प्रामुख्याने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ व शब्दरूपे यांच्याविषयीचे होते. विरामचिन्हे हा त्यांचा विषय नव्हता. परिणामी चिन्हे आली, परंतु प्रत्येकाचे कार्य रूढीवर सोडले गेले.

आज्ञालेखनातील कंस

संगणकीय भाषांत चिन्हाचे कार्य आधीच ठरलेले असते. जॉन मॅकार्थी यांच्या ‘लिस्प’ भाषेत (१९५८) संपूर्ण रचनाच गोल कंसांवर उभी आहे. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडलेल्या ‘सी’ भाषेत अट गोल कंसात आणि आज्ञांचा समूह महिरपी कंसात येतो. एक कंस मिटायचा राहिला तरी प्रोग्रॅम पुढे सरकत नाही.

चाकणसारख्या परिसरातील सीएनसी यंत्रांवर याहून वेगळा संकेत आढळतो. तेथे प्रचलित असलेल्या अनेक कंट्रोलरांवर गोल कंसातील मजकूर यंत्र वाचत नाही. कोणते टूल लावावे, जॉब कसा पकडावा, अशी ऑपरेटरसाठीची टीप तेथे लिहिली जाते. गोल कंस टीपेसाठी राखलेला असल्याने गणिती पदावली चौकोनी कंसात लिहावी लागते. म्हणजे कंसाबाहेरचा मजकूर यंत्रासाठी आणि कंसातील मजकूर माणसासाठी, अशी ही स्पष्ट विभागणी आहे.

अर्थात यंत्र प्रत्येक चूक पकडते असे नव्हे. पारंपरिक दशांश पद्धतीवर ठेवलेल्या कंट्रोलरला ‘एक्स १०.’ म्हणजे दहा मिलिमीटर. शेवटचा बिंदू राहिला तर तोच आकडा दहा मायक्रॉन, म्हणजे हजारपट लहान ठरतो. यंत्र तक्रार न करता चुकीच्या ठिकाणी जाते. तरीही येथे दोष संकेताचा नसून तो न पाळण्याचा असतो.

मराठी गद्यातील कंस

मराठीत दोष संकेतातच आहे. ‘कंत्राटी (प्रशिक्षणार्थी) कामगारांना हा भत्ता मिळेल’ असे वाक्य घेतल्यास कंत्राटी म्हणजेच प्रशिक्षणार्थी, कंत्राटी अथवा प्रशिक्षणार्थी, आणि कंत्राटींपैकी केवळ प्रशिक्षणार्थी असे तीन अर्थ संभवतात. लिहिणारा एक अर्थ धरतो, वाचणारा दुसरा. आणि भत्ता कोणाला मिळणार हे त्यावर ठरते. प्रोग्रॅममधील न मिटलेला कंस लगेच उघडकीस येतो. माणूस मात्र सोयीचा अर्थ निवडून पुढे जातो, त्यामुळे संदिग्धता उघडकीस येत नाही.

दुसरा आक्षेप वैचारिक लेखनाविषयी आहे. मराठी पारिभाषिक शब्दापुढे कंसात इंग्रजी शब्द देण्याची प्रथा महाविद्यालयीन लेखनात दृढ झाली आहे. नव्या संज्ञेच्या पहिल्या उल्लेखापुरती ती उपयुक्त आहे. परंतु प्रत्येक पानावर तीच जोडी येऊ लागली की वाचक कंसातील शब्दावरून अर्थ घेतो आणि कंसाबाहेरचा मराठी शब्द ओलांडून जातो. सीएनसी प्रोग्रॅममध्ये यंत्र कंसातले वगळते, येथे वाचक कंसाबाहेरचे वगळतो. ज्या शब्दावर लेखकच विसंबत नाही, तो शब्द वाचकाच्या अंगवळणी पडणे कठीण आहे. पारिभाषिक शब्द जड असल्यामुळे रूढ होत नाहीत, असे म्हटले जाते. ते एकटे उभे राहू दिले जात नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष

मराठीने यंत्रासारखे ताठर व्हावे, असा याचा अर्थ नाही. ललित लेखनात कंसातील स्वगत वा मिश्कील शेरा अनेकार्थी असणे हे त्याचे बळ आहे. परंतु सूचना, नियम आणि संशोधनपर लेखन यांना ती मुभा नाही. तेथे पर्यायासाठी ‘अथवा’, समानार्थासाठी ‘म्हणजेच’ आणि मर्यादेसाठी ‘केवळ’ हे शब्द मराठीत उपलब्ध आहेत; कंस दुय्यम टीपेपुरता ठेवावा. इंग्रजी प्रतिशब्द एकदाच द्यावा आणि पुढे मराठी शब्दावर भिस्त ठेवावी. अध्यापनातही चिन्हाच्या आकृतीऐवजी ते काढल्यास अर्थ कसा बदलतो हा प्रश्न अग्रक्रमाने विचारला जावा. कँडी यांनी रुजविलेल्या चिन्हांना कार्याची निश्चिती देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि त्याची सुरुवात महाविद्यालयीन लेखनापासूनच होणे इष्ट ठरेल.