गोटुल ते ऑर्कुट : मैत्रीच्या जागेची मालकी

प्रस्तावना :
मैत्री आणि खेळ या तरुण वयाच्या स्वाभाविक गरजा होत. त्यांच्यासाठी प्रत्येक समाज एखादी जागा राखून ठेवतो. गावचा पार आणि आखाडा ही तिची परिचित रूपे. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील गोंड आणि माडिया समाजात ही जागा म्हणजे गोटुल. २००४ पासून ऑर्कुट, फेसबुक यांसारख्या संकेतस्थळांनी अशीच जागा संगणकाच्या पडद्यावर देऊ केली. प्रस्तुत लेखात या दोन्ही जागांचा विचार मालकीच्या अंगाने केला आहे.

पडद्यावरील मैत्री व खेळ :
गुगल कंपनीने जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट सुरू केले. भारत व ब्राझील या देशांत ते विशेष लोकप्रिय ठरले. एकमेकांच्या पानावर 'स्क्रॅप' लिहिणे, समान आवडीच्या 'कम्युनिटी'त सामील होणे ही त्याची वैशिष्ट्ये. येथे मैत्री मोजता येऊ लागली. प्रत्येकाच्या नावाखाली मित्रांचा आकडा दिसे. खेळाचेही तसेच झाले. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल' या शेतीच्या खेळात पुढे जाण्यासाठी मित्रांना 'शेजारी' करून घ्यावे लागे. मित्र हा खेळातील सवंगडी न राहता खेळ पुढे नेण्याचे साधन बनला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले आणि २०२० च्या अखेरीस मूळ 'फार्मव्हिल'ही. सदस्यांना आपली छायाचित्रे व मजकूर उतरवून घेण्याची सवलत ऑर्कुटने दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते बंद करावे की नाही, हे ठरविण्यात त्या सदस्यांना स्थान नव्हते.

गोटुलची जागा :
व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ मधील ग्रंथामुळे बस्तरमधील मुरियांचे गोटुल जगाला ज्ञात झाले. सर्वच गोटुल त्यासारखे असते, असा समज मात्र योग्य नाही; प्रदेशानुसार त्याचे स्वरूप बदलते. या संदर्भात गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण बोलके आहे. ऐंशीच्या दशकात गावकऱ्यांनी जंगलातील लाकूड आणून गोटुल उभारले. वनखात्याने ते पाडले. तेव्हा आसपासच्या गावांनी साथ दिली आणि गोटुल पुन्हा उभे राहिले. याच गावात पुढे अभ्यासगटातील मुक्त चर्चा व ग्रामसभेतील सर्वसहमतीचा निर्णय ही पद्धत रुजली. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. एकत्र बसण्याच्या जागेसाठी झगडणारे गाव पुढे जंगलाच्या हक्कापर्यंत पोहोचले, ही बाब लक्षणीय आहे.

तुलना व मर्यादा :
गोटुल पाडले गेले तरी ते पुन्हा उभारणारे हात गावातच होते. ऑर्कुटवरील लक्षावधी सदस्यांना मात्र तसे काही करता आले नाही. असे असले तरी गोटुलचे केवळ गौरवीकरण करणे उचित ठरणार नाही. गोटुल गावाच्या व जमातीच्या मर्यादेत असते. संकेतस्थळ ती मर्यादा ओलांडते. दूरच्या गावातून शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थिनीला आपल्या गावाबाहेरचे, आपल्या आवडीचे माणूस तेथे भेटू शकते. ही उपलब्धी लहान नव्हे.

समारोप :
सामाजिक संकेतस्थळे चांगली की वाईट, या प्रश्नाभोवती महाविद्यालयीन चर्चा बहुधा फिरत राहते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, तरुणांच्या भेटीच्या जागेचे नियम कोण ठरवितो? पडद्यावर ते कंपनी ठरविते. मेंढ्यात ते गाव ठरविते. विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाईल काढून घेणे शक्य नाही व इष्टही नाही. मात्र जिचे नियम ते स्वतः ठरवतील, अशी एक जागा त्यांना देणे महाविद्यालयाच्या हाती निश्चितच आहे. गोटुलकडून शिकण्यासारखे आहे ते हेच.