लोकगीताचा श्रोता : यिडिश मेटल आणि आगरी धवला

लोकगीत नव्या वाद्यमेळात बसवले की दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. परंपरा भ्रष्ट झाली, ही एक. परंपरेला नवजीवन मिळाले, ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रिया गीताकडे जपण्याची किंवा मोडण्याची वस्तू म्हणून पाहतात. ते गीत कोणाला उद्देशून म्हटले जाते, हा प्रश्न मात्र दोन्हींत गळून जातो. हेवी मेटलमध्ये यिडिश लोकगीते गाणाऱ्या वृंदांचा विचार करताना तो टाळता येत नाही.

यिडिश ही मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा. कुळाने जर्मन, लिपीने हिब्रू. (ज्यू म्हटल्यावर आपल्याला ठाणे-रायगडचे बेने इस्रायल आठवतात. त्यांचा यिडिशशी संबंध नाही. त्यांची भाषा मराठी, आणि बायबलातील आख्याने सांगण्यासाठी त्यांनी कीर्तनाचा आकृतिबंध आपलासा केला.) दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य याच भाषेचे. जे वाचून इस्रायलला पोहोचले, त्यांना हिब्रूच्या आग्रहापुढे ती घरात मिटून ठेवावी लागली. त्याच देशात ‘गेव्होल्ट’ या वृंदाने 2011 मध्ये ‘आलेफबेस’ ही यिडिश गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. शीर्षकात वर्णमालेवर श्लेष आहे. वृंदाचे नाव म्हणजे संकटात फोडलेली आरोळी. स्वीडनमधील अशाच एका वृंदाचे नाव ‘डिबुकिम’. डिबुक म्हणजे जिवंत देहाला झपाटणारा मृतात्मा. नावे ठेवतानाच या मंडळींनी भाषेच्या अवस्थेवर भाष्य केले आहे.

सांगीतिक दृष्ट्या हा विवाह वाटतो तितका विजोड नाही. पुष्कळ यिडिश गीतांची स्वरपंक्ती कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार यांच्यामधल्या रुंद अंतरावर उभी असते. आपला कान तिला वसंतमुखारीच्या जवळ नेऊन बसवील. मेटलच्या गिटारवादकांनाही हे अंतर फार प्रिय. शिवाय मेटलची गिटार बहुधा षड्ज-पंचमाचाच जोड वाजवते, गांधार सोडून देते. त्यामुळे गीताचा भाव कोणता, हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्याकडे राहतो. ‘गेव्होल्ट’चा गायक मेटलमधील गुरगुराट टाळून खर्जातल्या भरदार आवाजात गातो आणि शब्द बऱ्याच अंशी स्पष्ट ऐकू येतात. चाल निभावते, आवाज निभावतो. अडचण सुरू होते ती शब्दापाशी.

‘टुम्बालालाइका’ हे या ध्वनिमुद्रिकेतील सुप्रसिद्ध गीत घ्या. त्यात तरुण मुलीला कोडी घालतो आणि ती उत्तरे देते. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेच. लग्नप्रसंगाशी त्याचे नाते आपल्याला सांगायला नको. कोडे हा असा वाङ्मयप्रकार आहे, की त्याला समजणारा श्रोता नसेल तर तो अस्तित्वातच येत नाही. ओवी न कळता आवडू शकते, कोडे आवडू शकत नाही. यिडिश न जाणणाऱ्या श्रोत्यांसमोर हे गीत गायले जाते तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतला ताण नाहीसा होतो. उरते ते पालुपद. उलट, ज्या हसिदी वस्त्यांत यिडिश आजही मुलांच्या तोंडी आहे, तेथे मेटलला शिरकाव मिळणे कठीण. भाषा जाणणारा ऐकत नाही आणि ऐकणारा भाषा जाणत नाही. या प्रयोगाचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही येथे आहेत. तो जुन्या श्रोत्याची जागा भरून काढीत नाही, ती रिकामी आहे हे मोठ्या आवाजात ऐकवतो. मला हे यश वाटते. पुनरुज्जीवन वाटत नाही.

‘पारंपरिक’ हे विशेषणही सावधपणे घ्यावे. लोकगीत म्हणून गायले जाणारे रब्बी एलिमेलेखचे विनोदी गीत मॉइशे नादिर याने 1927 मध्ये लिहिले. मॉरिस रोझेनफेल्ड या न्यूयॉर्कच्या शिवणकामगार कवीची कविताही अशीच लोकांत मिसळली. आपल्याकडे शान्ता शेळके यांचे ‘मी डोलकर’ आज कित्येकांना परंपरेने आलेले कोळीगीत वाटते. कर्ता विसरला जाणे हीही लोकगीत होण्याची एक वाट आहे, आणि विसरायलाही एक समूह लागतो.

कल्याणजवळच्या मोहने परिसरातील आगरी लग्नांकडे या दृष्टीने पाहता येईल. धवलारीण धवला म्हणते तो विधीचा भाग म्हणून. तेथे श्रोतृवर्ग असा नसतो, सहभागी असतात. हळदीच्या रात्री बेंजो आणि डीजे येतात, तेव्हा सहभागींचे रूपांतर नाचणाऱ्या गर्दीत होते. त्याला निव्वळ अभिरुचीची घसरण म्हणणे सोपे आहे. परंतु एन. आर. सी.च्या रेयॉन कारखान्याने मोहन्यात बाहेरगावचे कामगार आणून वसवले. कारखाना 2009 मध्ये बंद पडला, तरी मिश्र वस्ती राहिली. आगरी बोली न कळणाऱ्या शेजाऱ्यालाही बेंजोवर नाचता येते. तो वृंद निदान शब्द तरी पुढे ठेवतो. बेंजोला शब्दांची गरजच नाही.

महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, तेही विवाहगीतच. ते आपल्यापर्यंत आले, कारण महानुभाव पंथाने ते पोथ्यांत जपले. श्रोता म्हणून एक पंथ शतकानुशतके त्यांच्यामागे होता. आगरी धवल्याची श्रोती समोर हळद लागलेली नवरी आहे. तिला धवला ऐकू यावा की मांडवाबाहेरचा बेंजो, हे ध्वनिवर्धकाच्या शक्तीवर ठरते.