मुरलेली की शिळी?
टॉमस हार्डीज एल : एक बिअर, दोन घरे आणि पंचवीस वर्षांची हमी

मराठीत मुरणे आणि शिळे होणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. दोन्हींना लागतो तो वेळच. कैरीचे लोणचे मुरते, भाकरी शिळी होते, आणि बरणीत यांतले नेमके काय घडले आहे हे आपल्याकडची कुणीही आजी झाकण उघडताक्षणी, चव न घेता सांगू शकते. इंग्रजांच्या मद्याच्या दुकानात मात्र 'एज्ड' हा एकच शब्द दोन्हींना पुरतो. बाटलीवर जुने साल दिसले की माणसे आवाज खाली आणून बोलू लागतात. मी ज्या बिअरबद्दल लिहिणार आहे तिच्या वाट्याला असा खालचा आवाज भरपूर आला आहे. म्हणून ती नेमकी मुरते की शिळी होते, एवढाच प्रश्न मी या लेखात धरणार आहे. ज्यांच्या घरी हा विषय वर्ज्य आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात मद्यापेक्षा लोणच्याचे तर्कशास्त्र अधिक आहे.

टॉमस हार्डी या कादंबरीकाराचे निधन १९२८ साली झाले. त्याला चाळीस वर्षे झाली म्हणून १९६८ साली डॉर्चेस्टर गावात उत्सव झाला आणि त्यासाठी तिथल्या एल्ड्रिज पोप या ब्रूअरीने एक खास कडक एल बाटल्यांत भरली. हार्डीने 'द ट्रम्पेट मेजर' या १८८० सालच्या कादंबरीत या गावच्या तेज बिअरचे रसभरीत वर्णन केले आहे. ते वर्णन लेबलावर आले, आणि ते वाचून ठरवल्यासारखी ही एल बनवली गेली. साधारण बिअरमध्ये चार-पाच टक्के अल्कोहोल असते, हिच्यात बारा टक्क्यांच्या आसपास. बाटलीवर साल, बाटलीला क्रमांक, आणि आत जिवंत यीस्ट.

याच लेखकाच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या दुसऱ्या कादंबरीची सुरुवात लेबलावर येण्याची मुळीच शक्यता नव्हती, हे ओघात सांगून टाकतो. त्यात नायक जत्रेत गव्हाच्या खिरीसारख्या एका पदार्थात रम घालून पितो, नशेत स्वतःच्या बायकोचा लिलाव करतो आणि दुसऱ्या दिवशी पुढची एकवीस वर्षे मद्याला न शिवण्याची शपथ घेतो. हार्डीच्या नावाने दारू विकणाऱ्यांनी कोणते पुस्तक निवडायचे याचा विचार नीट केला होता असे म्हणायला हवे.

मला ही एल भेटली ती तिच्या दुसऱ्या घरी. एल्ड्रिज पोपच्या कारखान्यात ती १९९९ पर्यंत बनत होती, मग थांबली. डॉर्चेस्टरच्या दक्षिणेकडच्या रेल्वे स्टेशनाला लागून असलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या विटांच्या इमारतीच्या परिसरात आता घरे आणि दुकाने आहेत. २००३ साली तिचे पुनरुज्जीवन केले डेव्हन परगण्यातल्या ओहॅन्लन्स या अगदी छोट्या ब्रूअरीने. ही मंडळी मूळची लंडनची. २००० साली त्यांनी व्हिंपल गावाजवळच्या एका शेतावर बस्तान हलवले होते. तिथे २००३ ते २००८ या काळात ११.७ टक्क्यांची टॉमस हार्डीज एल पाव लिटरच्या बाटल्यांत निघाली. मी तेव्हा इंग्लंडात पीएच.डी. करत होतो. विद्यार्थ्याच्या खिशाला न परवडणारी चैन म्हणून २००८ मध्ये मी २००७ सालच्या सहा बाटल्या घेतल्या. आजवर पाच उघडल्या.

अभियंत्याला सहा नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची लाज वाटायला हवी, पण समीक्षकाला ती मुभा असते. टिपणे मी पहिल्यापासून ठेवली आहेत.

२००८ साली ती पिववत नव्हती. काकवीसारखी दाट, जिभेला चिकटणारी गोडी, त्यामागून हॉप्सचा कडवटपणा, आणि घशात अल्कोहोलची धग. तिन्ही गोष्टी एका खोलीत बसून एकमेकींशी बोलत नसलेल्या जावांसारख्या. २०११ मध्ये धग उतरली होती, कडवटपणाही, गोडी तशीच. २०१५ ची बाटली मात्र अशी होती की आम्ही चौघे जण पाव लिटर वाटून घेत होतो आणि कुणीच पटकन ग्लास रिकामा करेना. खारीक, भाजलेला बदाम, संत्र्याच्या सालीचा मुरंबा. गोडी कमी झाली नव्हती, पण तिला आंबटपणाची एक बारीक किनार आल्यामुळे ती सुसह्य झाली होती. माझी सौ. बिअर पीत नाही, फक्त वास घेते, आणि तिचे नाक माझ्यापेक्षा दहापट तिखट आहे. ती म्हणाली, "मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यासारखं वाटतंय."

हे मी त्या वेळी हसण्यावारी नेले नाही, कारण ते शब्दशः खरे होते. मेथीच्या दाण्याला जो वास असतो तो सोटोलोन नावाच्या रेणूचा. तोच रेणू जुन्या रममध्ये, माडेरा वाइनमध्ये आणि वर्षे काढलेल्या कडक बिअरमध्ये तयार होतो. थोडा असला तर पाकाचा, कॅरामेलचा भास होतो. जास्त झाला तर थेट मेथी आणि मसाल्याचा डबा. इंग्रज समीक्षक अशा जागी 'शेरी' किंवा 'माडेरा' असे लिहितात. आपण मेथीचे लाडू लिहिले तर त्यात काही कमीपणा नाही. उलट आपला शब्द मूळ वस्तूच्या अधिक जवळचा आहे.

मुरण्याची यंत्रणा थोडक्यात अशी. अशा कडक एलसाठी सहसा माल्टच्या गोड काढ्याची पहिली धारच घेतात ('पहिल्या धारेची' हा आपल्याकडचा वाक्प्रचार इथे वेगळ्या अर्थाने लागू पडावा हा योगायोग). त्यात साखर इतकी दाट की यीस्ट ती सगळी खाऊ शकत नाही. उरते ती गोडी. बाटली भरताना आत थोडा ऑक्सिजन राहतो, तो जिवंत यीस्ट बराचसा शोषून घेते. पुढे झाकणाच्या अस्तरातून वर्षानुवर्षे अत्यल्प हवा आत झिरपत राहते. हॉप्समधली कडू द्रव्ये विघटित होतात, माल्टच्या रंगीत द्रव्यांचे आणि अमिनो आम्लांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, आणि त्यातून हे सुक्या मेव्याचे, मधाचे, शेरीचे वास निघतात. साध्या फिक्या बिअरमध्ये हेच घडले तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि आपण ती ओतून देतो. म्हणजे क्रिया मूलतः एकच. शिळेपण झाकून त्याला काहीतरी वेगळे बनवण्याइतके सामान आत आहे की नाही, एवढाच फरक. फोडणीच्या पोळीचे तत्त्व याहून फार निराळे नाही.

आता हमीकडे वळू. एल्ड्रिज पोपच्या बाटलीवर ही एल थंड जागी ठेवल्यास निदान पंचवीस वर्षे टिकेल असे आश्वासन असे. 'टिकेल' हा शब्द प्रामाणिक आहे. टिकेल म्हणजे सुधारत राहील असे नव्हे. तो अर्थ आपण ग्राहकांनी त्यात भरला आणि संग्राहकांनी त्यावर किंमत चढवली. शिवाय हिशेब करून पाहा. १९६८ च्या बाटलीची परीक्षा १९९३ साली होणार. एल्ड्रिज पोपचे उत्पादन १९९९ साली थांबले, तेव्हा १९७४ नंतरच्या एकाही सालची पंचवीस वर्षे भरलेली नव्हती. ओहॅन्लन्सच्या पहिल्या, २००३ च्या बाटल्यांची मुदत २०२८ मध्ये भरेल आणि शेवटच्यांची २०३३ मध्ये. तिथली ब्रूअरी केव्हाच नव्या मालकांकडे गेली आणि तिचे नाव हॅन्लन्स झाले. आमच्या धंद्यात ज्या कंपनीचे आयुष्य अनिश्चित तिच्याकडून दीर्घ मुदतीचा देखभाल करार घेताना माणूस दहादा विचार करतो. इथे तोच करार लोकांनी कौतुकाने विकत घेतला.

एक पंचवीस वर्षांची परीक्षा मी स्वतः घेतली आहे. २०१९ साली एका संग्राहकाकडून मिळालेली १९९४ ची एल्ड्रिज पोपची बाटली आणि माझ्याजवळची २००७ ची चौथी बाटली एकाच संध्याकाळी उघडल्या. १९९४ च्या बाटलीत वायू जवळजवळ उरला नव्हता. रंग गडद तपकिरी. पहिला वास जुन्या चामड्याचा आणि सोया सॉसचा, आणि मग, ग्लासात वीस मिनिटे राहिल्यावर, अंजिराचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा. आम्हा सहा जणांपैकी चौघांनी तिला थोर ठरवले. मी आणि सौ. (नाकाने) विरुद्ध बाजूला. सोया सॉसचा वास हा मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटून त्यांतला ऐवज बिअरमध्ये उतरल्याचा असतो. तो थोडा असला तर खोली येते, पण इथे तो सर्वांत पुढे उभा होता. त्या ग्लासात वय होते, चव वयाच्या मागे राहिली होती. साल झाकून ती बाटली दिली असती तर त्या चौघांपैकी दोघांनी तरी नाक मुरडले असते, हे माझे मत मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे, तेव्हा इथे छापायला हरकत नाही.

अर्थात तो दोष बनवणाऱ्याचा म्हणता येत नाही. बाटलीवर साल लिहिलेले असते, सांभाळ लिहिलेला नसतो. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. बारा-तेरा अंशांच्या तळघरात दहा वर्षे राहिलेली बाटली आणि सेंट्रल हीटिंगच्या घरात बावीस-तेवीस अंशांवर दहा वर्षे राहिलेली बाटली यांचे साल एक, वय मात्र वेगळे. माझ्या सहा बाटल्यांनीही माझ्याबरोबर भाड्याची चार घरे बदलली आणि बहुतेक काळ जिन्याखालच्या कपाटात काढला, त्यामुळे माझी २०१५ म्हणजे तळघरवाल्याची कदाचित २०१९ असेल. जुन्या बिअरच्या समीक्षेत सालाला जे महत्त्व दिले जाते ते मला याच कारणाने अवाजवी वाटते.

दुसरा एक वाद नेहमी निघतो : डेव्हनमधली एल 'खरी' का? एल्ड्रिज पोपचे भक्त म्हणतात की पाणी बदलले, भांडी बदलली, मग उरले काय? मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पाककृती म्हणजे बंदिश. ती लिहून ठेवता येते, दुसऱ्याला देता येते; गळा देता येत नाही. ओहॅन्लन्सच्या गळ्यात गोडी जास्त आणि कडवटपणा थोडा मागे होता असे माझे मत. पण बंदिश त्यांनी प्रामाणिकपणे मांडली, आणि अमुक घराण्याचाच गाणारा हवा म्हणून मैफल सोडून उठणाऱ्या श्रोत्यांबद्दल मला कधीच आदर वाटलेला नाही.

खरा प्रश्न पैशाचा होता असे मला वाटते. साधी बिटर एल दोन-तीन आठवड्यांत पिंपात भरून पबमध्ये पोचते, पैसे महिन्यात परत येतात. ही एल महिनोन्‌महिने टाकी अडवून बसते, माल्ट भरमसाठ खाते, तिच्या तीव्रतेमुळे करही जास्त, आणि घेणारा ती कपाटात ठेवून देतो, म्हणजे पुढची बाटली घ्यायला लवकर परत येत नाही. मोठ्या कारखान्याला हा मानाचा तुरा म्हणून परवडतो. शेतावरच्या ब्रूअरीला टाकी अडणे म्हणजे त्या महिन्याचे पगार अडणे. सहा वर्षे त्यांनी हे केले हेच विशेष. मायकेल जॅक्सन या इंग्रज बिअर-समीक्षकाने (गायकाचा केवळ नामबंधू, २००७ साली वारला) अशा बिअरना वाइनच्या बरोबरीने बसवण्यासाठी आयुष्य घातले. त्याच्या लेखनाचा मीही ऋणी आहे. पण वाइनची बरोबरी म्हणजे वाइनसारखे साल पुजणे असा अर्थ अनेकांनी घेतला, आणि ज्यांनी त्या टाकीचा भार सोसला त्यांच्या ताळेबंदाकडे कुणी पाहिले नाही. पुढे हक्क इटलीतल्या एका कंपनीकडे गेले आणि ही एल पुन्हा निघू लागली. ते तिचे आणखी वेगळे घर.

२०१९ ची माझी बाटली २०१५ च्या तोडीची होती, थोडी अधिक कोरडी. २०२४ मध्ये उघडलेली पाचवी पुढे गेली नाही. मेथी वाढली, संत्रे गेले. तेव्हा माझा निकाल असा : घरगुती सांभाळात ही एल आठव्या ते बाराव्या वर्षी मुरलेली असते. त्याआधी ती कच्ची, आणि त्यानंतर तिचे जे होते त्याला मराठीत दुसरे क्रियापद आहे.

ज्यांना स्वतः ताडून पाहायचे आहे त्यांनी लिलावात जुनी साले शोधू नयेत. लंडनच्या फुलर्सची व्हिंटेज एल १९९७ पासून दर साली वेगळी निघत आली आहे. तो छोटा कारखाना नव्हे, आणि २०१९ पासून तिथला बिअरचा व्यवसाय जपानच्या असाहीकडे आहे, पण मिळायला सोपी आणि साडेआठ टक्क्यांची म्हणजे बेताने कडक. एकाच सालच्या तीन बाटल्या घ्याव्यात. एक लगेच उघडावी, एक तीन वर्षांनी, एक आठ वर्षांनी. उभ्या ठेवाव्यात, घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी, बॉयलरच्या शेजारी नव्हे. प्रत्येक वेळी चार ओळी लिहून ठेवाव्यात आणि आधीच्या ओळी पिऊन झाल्यावर वाचाव्यात, आधी नव्हे. थोडे स्टिल्टन चीज किंवा, मला विचाराल तर, तिळाची चिक्की बरोबर ठेवावी. माझी सहावी बाटली मी २०३२ ची वाट न पाहता येत्या नाताळच्या सुट्टीत उघडणार आहे; सौ.ने वास घ्यायचे कबूल केले आहे.