कच्चेरी आणि कचेरी

चेन्नईत नव्यानं राहायला आलेल्या मराठी माणसाला एक शब्द हमखास चकवतो. इथे गाण्याच्या मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात. मार्गळी महिना लागला की ओळखीचे लोक एकमेकांना विचारतात, आज कुठल्या कच्चेरीला? मराठी कानाला मात्र ऐकू येते ती कचेरी : मामलेदाराची, शिक्क्यांची, रांगांची. शब्दाचं मूळ एकच आहे आणि तमिळमध्येही त्याचा दफ्तर हा अर्थ होताच. मैलापूर म्हणजे संगीतसभांचं माहेरघर, पण तिथल्या कच्चेरी रोडला नाव मिळालं ते जुन्या कचेरीवरून, गाण्यावरून नव्हे.

मी भाषांतरकार आहे आणि गेली काही वर्षं इथल्या एका हौशी बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. या दुसऱ्या उद्योगामुळे मला या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच खरे वाटतात. चाळीस मिनिटांच्या कच्चेरीमागे आठवडाभराची कचेरी असते. बँडवर लिहिलेल्या कादंबऱ्या, आठवणी आणि चित्रपट मी आवडीनं वाचते-पाहते, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यांत कच्चेरी भरपूर असते, कचेरी जवळपास नसते. हा काही केवळ तपशिलाचा प्रश्न नाही. कचेरी गाळली की हौशी माणूस का वाजवतो आणि त्याच्या वाजवण्याची किंमत कोण मोजतो, हे दोन्ही प्रश्नही गळून पडतात.

आधी कचेरी म्हणजे काय ते सांगते. पाच जणांना सोयीचा एकच रविवार शोधणं. ड्रमवाला आणखी दोन बँडांत वाजवत असल्यामुळे त्याची तारीख आधी धरणं आणि बाकीच्यांनी आपापली लग्नकार्यं त्याभोवती बसवणं. तासाच्या भाड्यानं घेतलेल्या तालमीच्या खोलीत पहिली वीस मिनिटं तारा जोडण्यात जाणं. गाण्यांच्या यादीवरून होणारं भांडण तर कधीच गाण्यांबद्दल नसतं, ‘माझं गाणं का वगळलं’ याबद्दल असतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला बोलावून घेतात, ध्वनियंत्रणा साडेसहाला येते, आवाजाची चाचणी होतच नाही. चेन्नईच्या दमट हवेत गिटारच्या तारा उतरतात, बोटं घसरतात. समोर वीस माणसं, त्यांतली आठ वाजवणाऱ्यांच्या घरची. मधूनच एक काका येऊन इळैयराजाचं गाणं मागतात, आणि ते आम्हाला येत नसतं. शेवटी आयोजक सांगतो, मानधनाचं पुढच्या आठवड्यात बघू. मग सामान उतरवून, रिक्षात कोंबून, रात्री बाराला तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची आपापली खरी कचेरी असतेच.

आता बँडच्या कथांचा नेहमीचा साचा पाहा. मित्र जमतात, वाजवतात, वर चढतात, करार हातात येतो, अहंकार आडवे येतात, फाटाफूट होते. जमलंच तर पुढे पुनर्मीलन. ‘रॉक ऑन’ (२००८) हा आपल्याकडचा सर्वांत परिचित नमुना. मुंबईतल्या चार मित्रांचा बँड नेमका यश दाराशी आल्यावर फुटतो आणि कथा कित्येक वर्षांची उडी मारते. ही उडी मला फार बोलकी वाटते. पटकथेच्या लेखी यशाआधीचा उत्साह आणि यशानंतरची खंत एवढंच सांगण्याजोगं आहे. पण बहुतेक हौशी बँड ना चढतात ना फुटतात. ते तसेच राहतात आणि मग एके दिवशी कुणीतरी पुढची तारीख विचारायचं विसरतं. सिद्धार्थ भाटिया यांच्या ‘इंडिया सायकेडेलिक’ (२०१४) या पुस्तकात साठ-सत्तरच्या दशकांतल्या भारतीय रॉक बँडांची हकिगत आहे. चांगली गिटार मिळणं दुरापास्त असण्याच्या त्या काळातली सगळी धडपड त्यात दिसते. कुणी नोकरीला लागला, कुणी परदेशी गेला, आणि बँड संपला. या शेवटांत नाट्य नाही, म्हणून कथाकारांना ते नकोसे होतात. मला ते सगळ्यांत विश्वासार्ह वाटतात.

कचेरीला खरी जागा देणारी कादंबरी म्हणून मी रॉडी डॉईल यांच्या ‘द कमिटमेंट्स’चं (१९८७) नाव घेईन. डब्लिनच्या कामगारवस्तीतली पोरं सोल संगीताचा बँड काढतात. कादंबरी जवळजवळ पूर्णपणे संवादांतून चालते, आणि त्या संवादांचा मोठा हिस्सा कचेरीचा आहे : कोण उशिरा आला, कोण कुणाला काय म्हणाला, गायकाला कोण आवरणार. नायक जिमी हा वादक नाही, व्यवस्थापक आहे, हीच लेखकाची हुशारी. कचेरीचा माणूसच मध्यभागी बसवल्यामुळे बँड आपल्याला दिसतो तो मंचाच्या मागून. भाषांतरकार म्हणून मला त्या शिव्यांचा हेवा वाटतो. प्रत्येक शिवी कामाच्या एखाद्या तपशिलाला चिकटलेली आहे, त्यामुळे ती वेगळी काढून मराठीत आणता येत नाही. तरीही शेवटी डॉईलही साच्याकडे वळतात. ध्वनिमुद्रणाची संधी दारात उभी असतानाच बँड मोडतो. जणू करार आला नसता, तर त्या पोरांच्या गोष्टीला शेवटच मिळाला नसता.

मराठीत बँडची कादंबरी शोधणाऱ्यानं गिटारच्या दिशेनं जाऊ नये. ती आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये आहे. गुणा हा शेतमजूर; कुस्तीनं कमावलेलं शरीर, तमाशाचं वेड आणि राजाची भूमिका करायचं स्वप्न. गावातलीच माणसं जमवून तो फड उभा करतो. मग कळतं, नाच्या नसेल तर फड उभा राहणार नाही, आणि नाच्या व्हायला कुणीच तयार नाही. अखेर राजा व्हायला निघालेला गुणाच नाच्या होतो. रवी जाधव यांच्या २०१० सालच्या चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत पोचली. पण तिच्याकडे कलाकाराची शोकांतिका म्हणून पाहताना आपण तिची यंत्रणा विसरतो. ती यंत्रणा प्रत्येक हौशी गटाला ठाऊक आहे. गट उभा राहतो तो लोकांच्या इच्छांवर नाही, रिकाम्या जागांवर. प्रत्येकाला गायचं असतं किंवा लीड गिटार हवी असते, आणि एक जागा अशी उरते की ती भरल्यावाचून काहीच वाजत नाही. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला, तेव्हा बास गिटार पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात आली ती अशीच. ती कुणालाच नको होती, हे त्यानं पुढे सांगितलेलं आहे. आमच्याही बँडमध्ये बास वाजवणारा मुळात गायक म्हणून आला होता.

ही तुलना फार ताणायची नाही. बास वाजवणारा रात्री घरी जातो आणि महिनाअखेरीस पगार घेतो. गुणाला रिकाम्या जागेची किंमत घरानं, अब्रूनं आणि शरीरानं चुकवावी लागते. पण याच फरकामुळे ‘नटरंग’ बँडच्या इतर कथांच्या पुढे जाते. सुपारी, बारी, फडातल्या बाईच्या अटी, प्रतिस्पर्ध्यांचं राजकारण, अशी सगळी कचेरी तिथे पार्श्वभूमी न राहता नायकाचं नशीब घडवते. कलेनं गुणाला उद्ध्वस्त केलं असं म्हणणं सोपं आहे. खरं तर एका व्यवहारी अडचणीवर त्यानं स्वतःच उत्तर होण्याचं ठरवलं, तिथून पुढचं सगळं घडत गेलं.

चेन्नईत हे वाचताना समोर आणखी एक इतिहास असतो. इथली सिनेमासंगीताची परंपरा कचेरीतूनच वर आली आहे. इळैयराजा चौदाव्या वर्षी थोरल्या भावाच्या, पावलर वरदराजन यांच्या फिरत्या संगीतमंडळीत शिरले. कम्युनिस्ट प्रचारसभांत गाणाऱ्या त्या भावांबरोबर गावोगाव वाजवत त्यांची सुमारे दहा वर्षं गेली. १९६८ मध्ये ते मद्रासला आले, १९७६ मध्ये ‘अन्नकिळी’ आला. लोकप्रिय चरित्रकथेत ती दहा वर्षं एका वाक्यात उरकतात आणि सगळा प्रकाश ‘अन्नकिळी’वर पडतो. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी वीज गेली आणि लोकांनी अपशकुन मानला, ही गोष्ट इथे सारखी सांगितली जाते. मोठा माणूस झाला म्हणून वीज गेल्याची दंतकथा झाली. आमच्यासारख्यांची वीज नुसतीच जाते. रहमानच्या घरी वडिलांच्या पश्चात त्यांची वाद्यं भाड्यानं देऊन संसाराला हातभार लागला, हेही सर्वश्रुत आहे. वाद्य भाड्यानं देणं ही तर कचेरीची पहिली पायरी. पण ती सांगितली जाते ती नायकाच्या बालपणीची हलाखी म्हणून, संगीताच्या धंद्याचा एक भाग म्हणून नाही.

‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ (१९६८) हा तमिळ चित्रपटही याच चष्म्यातून पुन्हा पाहण्यासारखा आहे. कोत्तमंगलम सुब्बु यांच्या ‘आनंद विकटन’मधल्या क्रमशः कादंबरीवर तो बेतलेला आहे. नादस्वरम वादकाचं अख्खं पथक त्यात आहे : रुसवेफुगवे, प्रवास, यजमानांची मर्जी राखणं. शिवाजी गणेशन यांचा अभिनय लोकांनी डोक्यावर घेतला, पण प्रत्यक्षात फुंकर होती एम. पी. एन. सेतुरामन आणि एम. पी. एन. पोन्नुसामी या बंधूंची. पथकावरच्या चित्रपटातही खऱ्या वादकांची जागा पडद्यामागेच राहिली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, हौशी लोकांनी कुरकुर कशाला करावी? हौसेला मोल नाही, असं आपणच म्हणतो. या म्हणीपाशी भाषांतरकार म्हणून मी अडखळते, कारण तिचे दोन अर्थ होतात. हौस अनमोल आहे, हा एक. हौशी माणसाला पैसे द्यायची गरज नाही, हा दुसरा. आयोजक पहिला अर्थ बोलतात आणि दुसरा अमलात आणतात. आणि इथे खरं नुकसान आमचं होत नाही. आमच्यापैकी प्रत्येकाला पगार आहे. ज्या उपाहारगृहात आम्ही जेवणावर वाजवतो, तिथे कालपर्यंत कोडंबाक्कमचा एखादा वादक हजार-दोन हजार रुपये घेत असेल. आम्ही फुकट उपलब्ध झालो की त्याचा भाव पडतो. ‘आम्ही पैशासाठी वाजवत नाही’ हे वाक्य बँडच्या कथांत नेहमी उदात्त सुरात येतं. ते पोटासाठी वाजवणाऱ्याच्या कानानं ऐकलं की तितकं उदात्त राहत नाही. ग्रेगरी बूथ यांनी लग्नातल्या बँडवाल्यांवर लिहिलेल्या ‘ब्रास बाजा’ (२००५) या अभ्यासात हे दुसरं टोक दिसतं : लग्नसराईवर टांगलेलं उत्पन्न, आगाऊ रकमा, घासाघीस, आणि ज्यांच्या तालावर सगळे नाचतात पण ज्यांचं वाजवणं कुणीच ऐकत नाही अशी माणसं. हौशी बँडवर लिहिणाऱ्यानं हे पुस्तक आधी वाचावं.

मग हौशी माणूस टिकतो कशावर? जत्रेला येणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार मानतात : हौशे, नवशे आणि गवशे. बँडमध्येही तिन्ही भेटतात. गवशे काहीतरी गवसेल म्हणून येतात, एखादी ओळख, एखादी संधी. ती मिळाली की जातात आणि न मिळाली तरी जातात. नवशांनी मनात एक मोठा मंच बोललेला असतो. तो पावेपर्यंत ते रागावलेले असतात. कथा रंगतात त्या या दोघांच्या, कारण त्यांना कुठेतरी पोचायचं असतं. हौशाला पोचायचं नसतं. त्याला गुरुवारची तालीम हवी असते. तारा जोडणं, कुरकुरणं, तेच कडवं सातव्यांदा घेणं, आणि आठव्यांदा ते अचानक जमल्यावर कुणीच काही न बोलता पुढे जाणं, हेच त्याचं खरं वाजवणं. त्याच्यापुरती कचेरी आणि कच्चेरी वेगळी राहत नाही.

मार्गळीत इथल्या सभांमध्ये संध्याकाळचे कार्यक्रम नामवंतांचे असतात, दुपारचे नवोदितांचे. दुपारी सहसा तिकीट नसतं आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. त्या अर्ध्या रिकाम्या सभागृहात पुढ्यातल्या आठ-दहा डोक्यांसाठी कुणी राग मांडत असतं, बाजूचा मृदंगवाला मृदंगाच्या डाव्या तोंडाला पीठ लावत असतो, आणि मागच्या रांगेतला श्रोता उपाहारगृहातल्या डोशाचा विचार करत असतो. वादकांच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यानं संध्याकाळऐवजी या दुपारी येऊन बसावं आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच उठून जाऊ नये. पुढे तंबोरा गुंडाळला जातो, मानधनाचं पाकीट कुणी आणलंय का याची हळू आवाजात चौकशी होते, आणि मृदंग रिक्षात आधी बसतो, माणूस नंतर. माझ्या वाचनात आलेल्या पुस्तकांतून नेमकी हीच पानं गळालेली आहेत.