रहस्यकथांच्या दीर्घ मालिका आणि वाचकांचा कौल

दीर्घकाळ चालणाऱ्या रहस्यकथा-मालिकेचा न्याय समीक्षकापेक्षा तिचा नेमाचा वाचकच अधिक चांगला करू शकतो, असे आमचे मत आहे. समीक्षक एखाददुसरे पुस्तक चाळून साऱ्या मालिकेवर शिक्का मारतो. वाचक वर्षानुवर्षे नायकाच्या सहवासात असतो व सूर कोठे बदलला हे त्याला नेमके कळते. तथापि वाचकाचा निकाल मान्य केला, तरी त्यामागचे कारण पारखून घ्यावे लागते.

मराठीत या संदर्भात पहिले नाव येते ते बाबूराव अर्नाळकरांचे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९०६ ते १९९६ या प्रदीर्घ आयुष्यात त्यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयांनी धनंजय व छोटू, झुंजार आणि काळापहाड यांना घरोघर पोचविले. आमच्या राजूरसारख्या कोळसा खाणीच्या गावातही ज्येष्ठ वाचकांपुढे झुंजारचे नाव काढले की त्यांचे चेहरे उजळतात. त्यांची मते साधारणतः तीन आहेत: पुस्तक हाती घेतले की खाली ठेववत नसे, पुढेपुढे सर्व कथा एकाच साच्यातल्या वाटू लागल्या, आणि वडीलधारी माणसे रागावत असली, तरी त्या वाचनाने कोणी बिघडले नाही.

तिन्ही मते आम्हांस मान्य आहेत. पण साचा हा दोष मानावा काय? कीर्तनाला ठरलेली मांडणी असतेच, तरी श्रोते पुन्हा पुन्हा जातात. उणीव आम्हांस अन्यत्र दिसते. झुंजार व काळापहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतात आणि वाचक टाळ्या वाजवितो. मात्र असे शासन करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नायकाला छळत नाही, म्हणून वाचकालाही छळत नाही. नायक शंभराव्या कथेतही पहिल्या कथेइतकाच ताजातवाना असतो. त्याच्यावर कशाचाच ओरखडा उमटत नाही.

याच्या शेजारी इटलीतील एक मालिका ठेवून पाहण्यासारखी आहे. आंद्रेआ कामिल्लेरी यांनी १९९४ साली, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, सिसिलीतील इन्स्पेक्टर माँताल्बानोची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे एकूण २८ कादंबऱ्या झाल्या. इंग्रजी अनुवादांतून त्या वाचणाऱ्यांचीही एक ठराविक तक्रार आढळते: आरंभीच्या पुस्तकांतील खाणेपिणे, थट्टामस्करी आणि चपळाई उत्तरोत्तर ओसरत जाते, नायक म्हातारपणाच्या चिंतेने कुढू लागतो, राजकारणावर बोलू लागतो.

निरीक्षण खरे आहे. पण ज्याला हे वाचक उतार म्हणतात, त्याला आम्ही परिपक्वता म्हणू. २००३ च्या कादंबरीत माँताल्बानो समुद्रमार्गे आलेल्या निर्वासितांतील एका भेदरलेल्या मुलाला सद्भावनेने त्याच्या 'आई'च्या स्वाधीन करतो. पुढे तो मुलगा मृत्यू पावल्याचे त्याला कळते, आणि आपणच त्याला मारेकऱ्यांच्या हाती दिले हे सत्य त्याला गिळावे लागते. त्याच पुस्तकात, २००१ साली जिनोव्हा येथे पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या अत्याचारांमुळे तो राजीनाम्याचा विचार करतो. गुन्हेगार कोण, या प्रश्नाला येथे दुसरा प्रश्न जोडला जातो: यात माझा वाटा किती?

२००८ च्या कादंबरीचे नाव तर आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल: 'कुंभाराचे शेत'. चिकणमातीच्या रानात एका प्रेताचे तीस तुकडे सापडतात आणि यूदाच्या तीस नाण्यांची आठवण कथेचा उलगडा करू लागते. स्वतः कामिल्लेरी श्रद्धावान म्हणून ओळखले जात नव्हते. तरीही विश्वासघाताचे मोल सांगावयास त्यांना मत्तयच्या शुभवर्तमानाकडेच वळावे लागले. येथे संशयाचे सावट नायकाच्या जवळच्या सहकाऱ्यावरही पडते. म्हणूनच हा तपास वाचकाला आपल्याच घरातला वाटतो.

मालिकेचा शेवटही लेखकाने वाऱ्यावर सोडला नाही. अखेरची कादंबरी त्यांनी २००५ मध्येच लिहून प्रकाशकांकडे ठेवली होती. २०१९ साली ते निवर्तले आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत नायक आपल्या निर्मात्याशीच भांडतो.

या तुलनेने अर्नाळकर लहान ठरत नाहीत. एका पिढीला वाचनाची गोडी लावणे हे कार्य थोर होते, आणि वाईटाला शिक्षा होतेच हा दिलासाही मोलाचा होता. मात्र दिलासा देणारे साहित्य आणि सदसद्विवेकाला जागे करणारे साहित्य यांतील भेद वाचकाने ओळखावा. नायक थकला, अपराधी वाटू लागला, की पुस्तक बाजूला ठेवण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच ठिकाणी थांबून पुढे वाचावे.

आणखी एक. अर्नाळकर कोवळ्या वयात वाचलेले वाचक आज वृद्ध झाले आहेत. स्वस्त कागदावरील ती पुस्तकेही जीर्ण होत आहेत. घरोघरच्या आजी-आजोबांना मुलानातवंडांनी विचारावे: तुम्हांस कोणता नायक आवडे, का आवडे, आणि कधी नकोसा झाला? ही उत्तरे लिहून ठेवली, तर मराठी रहस्यकथेच्या इतिहासात वाचकाची साक्ष तरी गहाळ होणार नाही.