आईच्या गळ्यातला क्रूस

हिटलरने १६ डिसेंबर १९३८ रोजी 'जर्मन मातेचा सन्मान-क्रूस' सुरू केला. चार-पाच मुलांच्या आईला ब्राँझचा, सहा-सात मुलांच्या आईला चांदीचा आणि आठ किंवा त्याहून जास्त मुलांच्या आईला सोनेरी. हुकूमशाहीच्या पदकांत इतकं देखणं आणि इतकं भयंकर पदक माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

म्युनिकचा शिल्पकार फ्रान्त्स बेर्बेरिख याच्या या कामाला दाद द्यावीच लागते. निळ्या मीन्याचा लांबट क्रूस, त्याला पांढरी कड, भुजांच्या बेचक्यांतून फुटणारे किरण. मधल्या गोलात नाझी स्वस्तिक आणि भोवती 'जर्मन मातेला' एवढीच अक्षरं. तलवार नाही, गरुड नाही. तो छातीवर लावायचा नसे; निळ्या-पांढऱ्या अरुंद फितीत ओवून गळ्यात घालायचा. शिल्पकाराची खरी करामत इथे आहे. गळ्यातला क्रूस ही चर्चला जाणाऱ्या बाईची रोजची, श्रद्धेची वस्तू. निळाही ख्रिस्ती चित्रपरंपरेत मेरीच्या वस्त्राचा रंग. तिच्या श्रद्धेची जागा न हलवता सत्तेने त्या जागेच्या मधोमध आपलं चिन्ह बसवलं.

मागची बाजू अधिक बोलकी आहे. सुरुवातीच्या पदकांवर मूल आईला थोरवी देतं, अशा अर्थाचं वाक्य होतं. पुढे ते काढलं आणि तिथे स्थापनेची तारीख कोरली. खाली हिटलरची सही मात्र दोन्ही वेळा आहे. वितरणासाठीही १२ ऑगस्ट हा दिवस निवडला गेला, हिटलरच्या आईचा जन्मदिवस.

पदकावर जे कोरलेलं नाही, ते अर्जाच्या छाननीत होतं. आईवडील दोघेही 'जर्मन रक्ताचे' हवेत, घराण्यात आनुवंशिक आजार नको, वर्तन पक्षाला पसंत हवं. ज्यू आईला मुलं कितीही असोत, तिच्यासाठी हा क्रूस नव्हताच. याच राजवटीने १४ जुलै १९३३ रोजी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि त्याखाली सुमारे ४,००,००० माणसांची नसबंदी झाली. एका बाईच्या गळ्यात पदक घालणारी आणि दुसरीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणारी सत्ता एकच होती. कोणाच्या पोटी मूल जन्मावं हे तिला ठरवायचं होतं.

म्हणून संग्रहालयात हा क्रूस एकटा ठेवू नये. त्याच्या शेजारी, त्याच काचेखाली, १९३३च्या त्या कायद्याची प्रत असायलाच हवी.