धाक दाखवणे आणि धाक बसणे : ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’मधील भाषाविचार

थॉमस शेलिंग यांचा ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’ हा ग्रंथ येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९६६ साली प्रसिद्ध केला. अण्वस्त्रांचा परराष्ट्रनीतीत उपयोग कसा होतो, या प्रश्नाचे त्यातील उत्तर अद्यापि मोडीत निघालेले नाही. अण्वस्त्राचे मोल युद्ध जिंकण्यात नाही. इजा करण्याचे सामर्थ्य राखून ठेवणे आणि ते राखून ठेवले आहे हे दुसऱ्यास कळवणे यात आहे, असे ते उत्तर. ग्रंथकार अर्थशास्त्रज्ञ, परंतु एका प्रकरणाचा मथळा लष्करी कृतीच्या ‘वाक्संप्रदाया’विषयी आहे, दुसऱ्याचा शस्त्रस्पर्धेतील ‘संवादा’विषयी. हा नुसता अलंकार असता तर भाषाभ्यासकाने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण राष्ट्रे शस्त्रांच्या हालचालींनी एकमेकांशी बोलतात आणि ते बोलणे बऱ्याच अंशी समजते, या गृहीतावरच ग्रंथाची मांडणी उभी आहे. तेव्हा ते गृहीत भाषेच्या कसोटीवर घासून पाहणे रास्तच होय.

शेलिंग यांनी केलेला एक भेद सर्वमान्य झाला आहे. प्रतिपक्षाला एखाद्या कृतीपासून परावृत्त करणे वेगळे आणि एखादी कृती करण्यास भाग पाडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी त्यांनी इंग्रजीत ‘कंपेलन्स’ हा नवा शब्दच पाडला. परंतु त्याहून मूलगामी असा एक भेद त्यांच्या परिभाषेत बुजून जातो आणि मराठीत तो आयता हाती येतो. धाक ‘दाखवला’ जातो, तेव्हा कर्ता बोलणारा असतो. धाक ‘बसतो’, तेव्हा धाक हाच कर्ता होतो आणि ज्याला तो बसतो तो चतुर्थीत जातो. पहिली क्रिया बोलणाऱ्याच्या स्वाधीन आहे, दुसरी नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी उक्तीने केलेली कृती आणि उक्तीचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम यांत फरक केला तो हाच. त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने १९६२ साली, म्हणजे शेलिंग यांच्या ग्रंथापूर्वीच, उपलब्ध झाली होती.

हा भेद विसरल्याची किंमत ग्रंथातील एका लाडक्या उदाहरणात दिसते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी विनाशिकांवर हल्ले झाल्याचे सांगून अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या नौकातळांवर आणि तेलसाठ्यांवर विमाने धाडली. प्रश्नाला साजेसे, मोजके उत्तर म्हणून शेलिंग या प्रतिहल्ल्याची वाखाणणी करतात. २ ऑगस्टचा हल्ला खरा होता. परंतु ज्यानंतर विमाने निघाली तो ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, असे अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्याच इतिहासकाराने दाखवले. तो अभ्यास २००५ साली खुला झाला. म्हणजे व्याकरणशुद्ध असे हे उत्तर कोणी न उच्चारलेल्या वाक्याला दिले गेले होते. १९६६ साली ग्रंथकाराला हे ठाऊक असणे शक्य नव्हते, हे खरे. तथापि ऐकणारा स्वतःच वाक्य रचून ऐकू शकतो, या शक्यतेला त्यांच्या वाक्संप्रदायात फारशी जागा नाही, हा दोष त्यांचाच.

क्यूबाचे उदाहरण याहून भयंकर आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुड्यांना वर येण्याची खूण म्हणून पाण्यात सरावाचे लहान स्फोटगोळे टाकण्याचे ठरवले आणि त्या खुणेचा अर्थ मॉस्कोला रीतसर कळवला. संकेत ठरला, जाहीरही झाला. फक्त ज्यांनी तो वाचावयाचा त्या पाणबुड्यांच्या कप्तानांपर्यंत तो पोचला नाही. २७ ऑक्टोबरला ‘बी–५९’ या पाणबुडीभोवती ते गोळे फुटू लागले. पाणबुडीवर अण्वस्त्रयुक्त पाणतीर होता, हे वॉशिंग्टनला माहीत नव्हते. तो सोडण्याची तयारी करण्याचा हुकूम कप्तानाने दिला आणि पुढे तो आवरला गेला, असे पाणबुडीवरील एका अधिकाऱ्याचे नंतरचे कथन आहे.

शेलिंग यांच्या बाजूने यावर उत्तर देता येते. धमकीचे बळ तिच्यातील अनिश्चिततेत असते, असे तेच सांगतात. मग अशी गफलत म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताचा पुरावाच नव्हे काय? नव्हे. त्यांच्या विवेचनात धोका हे वापरावयाचे साधन आहे. ‘बी–५९’वरील धोका कोणीच वापरीत नव्हते.

ग्रंथातील सर्वांत टिकाऊ भाग मात्र निखळ भाषाशास्त्रीय आहे, आणि तो ग्रंथकाराच्या हातून जणू सहज लिहिला गेला आहे. अण्वस्त्र व इतर अस्त्रे यांमधील सीमा स्फोटाच्या आकारावर नव्हे, रूढीवर उभी आहे, असे ते म्हणतात. अमेरिकेच्या ‘डेव्ही क्रॉकेट’ या अण्वस्त्राची शक्ती टीएनटीच्या अवघ्या १० ते २० टनांएवढी होती. तरीही ते सीमेपलीकडचेच मानले जाई. ‘त’ आणि ‘थ’ यांमधील श्वासाचे प्रमाण यंत्रावर सलग मोजता येते; मराठी कान मध्येच एक रेघ ओढतो, तमिळ कान ओढीत नाही. नागासाकीनंतर ही रेघ पुसली गेलेली नाही, आणि २००५ च्या नोबेल व्याख्यानातही शेलिंग यांनी तिचेच महत्त्व सांगितले.

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन यांनी रशियाच्या अण्वस्त्रदलांसह प्रतिरोधक सेनादलांना ‘विशेष’ प्रकारच्या युद्धसज्जतेचा आदेश दिला. हा शब्दप्रयोग सज्जतेच्या परिचित पायऱ्यांत बसेना आणि त्याच्या अर्थावर तज्ज्ञांत वाद माजला. धाक दाखवला गेला, हे निर्विवाद. पुढे पाश्चात्त्य राष्ट्रांनी युक्रेनला शस्त्रे दिली, पण आपल्या सेना रणांगणात उतरवल्या नाहीत. यांपैकी कोणते वर्तन त्या आदेशाचा परिणाम होता आणि कोणते एरव्हीही तसेच घडले असते, हे ठरवण्याचे साधन ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’मध्ये सापडत नाही.